प्रेरणा पुरे, पुस्तक पोहोचवा

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा रामेश्वरमच्या स्थानकावर गाडी थांबेनाशी झाली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे मग रामेश्वरम आणि धनुष्कोडीच्या दरम्यान धावत्या गाडीतून खाली फेकले जाऊ लागले. गावात पेपर वाटणाऱ्या शमसुद्दीनला ते झेलायला कोणीतरी हाताशी हवे होते. त्याने आपल्या नात्यातल्या एका लहान मुलाला सोबत घेतले. तो मुलगा म्हणजे अब्दुल कलाम. आयुष्यातली पहिली मजुरी आपल्याला या कामाने मिळवून दिली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांची जयंती, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्र २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळतो. छापलेला कागद वाचकाच्या दारापर्यंत नेणे हेच ज्यांचे पहिले काम, त्यांच्या नावाच्या दिवशी त्या कामाविषयी मात्र आपण चकार शब्द काढत नाही. आपण बोलतो ते फक्त प्रेरणेबद्दल.

हा दिवस कसा साजरा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. वरून परिपत्रक येते. शाळेत कलामांच्या फोटोला हार घातला जातो, मुले ओळीने बसून तासभर वाचतात, त्यांचे फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत अहवाल वर जातो. दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या कपाटाला पुन्हा कुलूप. पुस्तक हरवले किंवा फाटले तर भरपाई कोणी करायची, हा प्रश्न ज्या शिक्षकासमोर असतो तो कुलूप लावणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण मग त्या मुलांना आदल्या दिवशी दिलेल्या प्रेरणेचे करायचे काय? भूक लागल्यावर जेवणाची जागा बंद असेल, तर भुकेवर व्याख्यान देणारा फार तर चांगला वक्ता ठरतो.

‘हल्ली कोणी वाचत नाही’ हे वाक्य मराठीत इतक्या वेळा बोलले गेले आहे की त्याचा पुरावा मागायचेही कोणाला सुचत नाही. पुरावा पाहायचा असेल तर याच दिवसांत नागपूरला जावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दर विजयादशमीला जो जनसागर लोटतो त्याच्या वाटेवर पुस्तकांच्या स्टॉलांच्या रांगा असतात. ६ डिसेंबरला मुंबईत चैत्यभूमीवर हेच दृश्य दिसते. रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यातून आलेली, पदराच्या गाठीतून नोटा काढणारी माणसे तिथे पुस्तके विकत घेतात. ‘वाचनसंस्कृती’ हा शब्द त्यांनी कदाचित उच्चारलेलाही नसेल. पुस्तक ही आपल्या मुक्तीची वस्तू आहे एवढे त्यांना पक्के माहीत असते, आणि ते त्यांच्या वाटेवर, परवडेल अशा किमतीत मांडलेले असते. या दोन गोष्टी जुळल्या की वाचक येतोच.

याच वाचकाला हवे असलेले ग्रंथ शासनाने किती तत्परतेने पुरवले, तेही आठवावे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड छापणे रखडले, छपाईसाठी घेतलेला कोट्यवधी रुपयांचा कागद गोदामात पडून राहिला, आणि अखेर २०२१ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. मागणी होती, कागद होता, मजकूर तर तयारच होता. नव्हता तो वाचकापर्यंत नेणारा हात. मराठी पुस्तकव्यवहाराचे सारे दुखणे या एका प्रकरणात दिसते.

मराठी वाचक आयता कधीच मिळालेला नाही. तो कोणीतरी मुद्दाम घडवला. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. पुढे गावोगावच्या शिकलेल्या मंडळींनी आपापल्या खिशातून वर्गणी काढून अशी घरे उभी केली. ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले ते मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक एका छपराखाली असावे या ईर्ष्येने. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले तेव्हा कोणा संस्थानिकाच्या देणगीची वाट पाहिली नाही. नागपुरात चक्क कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार गोळा करत हिंडले. विद्वान माणसाने पुस्तक विकायला दारोदार जाणे यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हे काम त्यांनी ज्ञानकोशाचाच भाग मानले होते.

केतकरांच्या पंक्तीला बाबुराव अर्नाळकरांचे नाव घेतले तर काही भुवया उंचावतील. पण हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने जेवढ्या हातांना पुस्तक धरायची सवय लावली तेवढी फार थोड्यांनी लावली असेल. त्या पुस्तिका स्वस्त होत्या, रेल्वेच्या स्टॉलवर मिळत, आणि गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत दिवसाला काही पैसे भाडे देऊन घरी नेता येत. झुंजार आणि काळा पहाड वाचणारा मुलगा पुढे खांडेकरांकडे आणि आणखी पुढे नेमाड्यांकडे वळत असे. सगळेच वळत नसत. पण पहिली पायरीच नसेल तर दुसरीवर कोण चढणार?

सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. वाचकांना आधी सभासद करून घ्यायचे, त्यांच्या पैशातून पुस्तक काढायचे, ते कमी किमतीत त्यांच्या हाती द्यायचे आणि ग्रंथयात्रा काढून गावोगावी न्यायचे. या वाटेने दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, आणि मराठी साहित्याचा नकाशा बदलला. ही पुस्तके थोर होतीच. पण ती त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत शिरली आणि तिथल्या माणसांची झोप उडवू शकली, यात त्या वितरणाचाही वाटा होता. वाङ्मयाचे इतिहास लेखकांची नावे लिहितात. खोकी उचलून एसटीच्या टपावर चढवणाऱ्यांची नावे कोणी लिहीत नाही.

आज ही साखळी ठिकठिकाणी तुटली आहे. मुंबईचे स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ पासून चाललेले; २०१८ मध्ये बंद झाले. पुण्यातल्या कॅम्पातले मॅनीज २०१२ मध्ये गेले. ही इंग्रजी पुस्तकांची नामवंत दुकाने, म्हणून त्यांच्यावर लेख तरी आले. तालुक्याच्या गावी मराठी पुस्तके ठेवणारे दुकान बंद होते तेव्हा त्याच्या जागी मोबाइलचे दुकान येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जी उरली आहेत त्यांतली बरीच जून-जुलैतल्या गाइडे आणि वह्यांवर जगतात. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या माळा आहेत; कादंबरी शोधावी लागते. पुण्यात अप्पा बळवंत चौक आहे, दादरला दुकाने आहेत, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुस्तक महोत्सव भरतो आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण किनवट, धडगाव किंवा सिरोंचाच्या वाचकाने काय करावे?

ऑनलाइन मागवावे, हे उत्तर चटकन येते, आणि ते खोटे नाही. बुकगंगासारख्या संकेतस्थळांमुळे शिकागोतल्या आणि सांगलीतल्या वाचकाला एकच पुस्तक एकाच वेळी मिळू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. तरी त्यात एक मेख आहे. जे पुस्तक हवे हे आधीच ठाऊक आहे तेच ऑनलाइन शोधता येते. नाव न ऐकलेले पुस्तक हातात घेऊन चाळणे, मधलेच पान वाचणे आणि भुरळ पडून ते विकत घेणे हे दुकानातच घडते. त्यातून टपालाचे काय झाले पाहा. पुस्तकांसाठी सवलतीची रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये एकाएकी बंद झाली. छोट्या प्रकाशकांनी ओरड केल्यावर मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. ती आली हे चांगलेच. पण ठरावीक काळाने निघणाऱ्या प्रकाशनांना तिच्यात जागा नाही. म्हणजे ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची जी परंपरा सुरू केली, जिचे कौतुक आपण दर वर्षी करतो, ती या सवलतीच्या बाहेरच राहिली.

राहिली सार्वजनिक वाचनालये. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याच्या आधाराने राज्यात हजारो मान्यताप्राप्त वाचनालये उभी राहिली, आणि देशातल्या फार थोड्या राज्यांना असे जाळे लाभले आहे. पण त्यांतल्या सर्वांत खालच्या, ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात जाऊन पाहावे. अनुदान हप्त्याने येते आणि वेळेवर येईलच असे नाही. त्यातून ग्रंथपालाचे मानधन, वीज, भाडे आणि वर्तमानपत्रांची बिले भागवायची. जे उरेल त्यात पुस्तके. तीही वर्षाच्या शेवटी घाईघाईने, जो विक्रेता जास्तीत जास्त सूट देईल त्याच्याकडून. मग अवाच्या सवा किंमत छापून भरमसाट सूट देणारी पुस्तके कपाटात शिरतात आणि वाचकाने मागितलेले पुस्तक बाहेर राहते. काही वाचनालये केवळ कागदावर आहेत हेही खरे. त्यांची मान्यता काढावी. पण त्यांच्या नावाने प्रामाणिक वाचनालयांचा गळा आवळू नये.

आता प्रकाशकाचा हिशोब मांडू. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये धरा. वितरक आणि विक्रेता मिळून चाळीस ते पन्नास टक्के घेतात. म्हणजे १२० ते १५० रुपये गेले. लेखकाचे मानधन दहा टक्क्यांनी ३० रुपये. उरलेल्या १२० ते १५० रुपयांत कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, गोदाम, जाहिरात आणि प्रकाशकाचे पोट. पुस्तकावर जीएसटी नाही हे अभिमानाने सांगितले जाते. पण कागदावर आणि छपाईवर तो आहे, आणि विक्रीवर कर नसल्यामुळे आधी भरलेला कर प्रकाशकाला परत मिळवता येत नाही. तो कर शेवटी वाचकाच्याच माथी बसतो. पूर्वी हजार-दोन हजारांची आवृत्ती निघे. आता तीनशे-पाचशे प्रती सर्रास निघतात, आणि मागणीनुसार छपाईचे तंत्र आल्यापासून पन्नास प्रतींचीही ‘पहिली आवृत्ती’ असू शकते. आवृत्ती जितकी लहान तितकी प्रत महाग, आणि प्रत जितकी महाग तितका वाचक दूर. या चक्रातून कोणी एकटा बाहेर पडू शकत नाही.

या चक्राला दुसरे एक चक्र येऊन चिकटले आहे. ते आहे वाचकाची गरजच नसलेल्या पुस्तकांचे. लेखक पैसे देतो, कोणीतरी छापून देतो, शंभर प्रती लेखकाच्या घरी येतात. सभागृहात समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, पाहुणे पुस्तक न वाचता त्यावर पाऊण तास बोलतात आणि प्रती आप्तेष्टांत वाटल्या जातात. प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायची पद्धत आल्यापासून प्रबंधांवर आयएसबीएन क्रमांक चढवून त्यांची पुस्तके करणारी दुकानेही निघाली. या व्यवहारात लेखक खूश, छापणारा खूश. विक्री होवो न होवो, पैसे आधीच मिळालेले आहेत. ज्याचा नफा वाचकावर अवलंबून नाही तो प्रकाशक वाचकाला शोधायला का जाईल? स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही. मराठीतली काही चांगली पुस्तके अशीच निघाली. पण छापणे आणि प्रकाशित करणे यांतले अंतर त्या लेखकाला पैसे घेण्यापूर्वी कोणीतरी सांगायला हवे.

या अंतरात सर्वांत आधी हरवला तो संपादक. अभिप्रायासाठी येणाऱ्या पुस्तकांचा ढीग ज्याच्या टेबलावर असतो त्याला हे रोज दिसते. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक आतल्या पानांशी जुळत नाहीत. एकच प्रसंग दोन प्रकरणांत तसाच येतो. दोनशे पानांचा ऐवज चारशे पानांत पसरलेला असतो. चांगल्या अनुभवाचे, चांगल्या हाताचे पुस्तक केवळ कोणी ‘हे काढा, हे वाढवा’ म्हटले नाही म्हणून वाया गेलेले पाहणे क्लेशकारक असते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’ मासिकाच्या आणि मौज प्रकाशनाच्या टेबलावर हे काम वर्षानुवर्षे केले. त्यांच्या आवडीनिवडींवर वाद झाले, होणेही योग्यच होते. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंदही पडली. पण हस्तलिखित म्हणजे अजून पुस्तक नव्हे, ही समज त्यांनी मराठीला दिली. आज राज्य शासन उत्कृष्ट प्रकाशन संस्थेला श्री. पुं.च्या नावाने पुरस्कार देते. तो देताना त्या संस्थेत पगारी संपादक किती आहेत, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. पानेच्या पाने क्षणात लिहून देणारी आणि अनुवाद करणारी यंत्रे आता आली आहेत. मजकुराचा तुटवडा यापुढे कधीच भासणार नाही. म्हणूनच काय छापू नये हे ठरवणाऱ्या माणसाची किंमत वाढली आहे.

नव्या माध्यमांना नावे ठेवणे हा या विषयावरच्या लेखांचा ठरलेला शेवट असतो. ते टाळावे. लोकलमध्ये उभ्या उभ्या कादंबरी ऐकणारी नोकरदार बाई ही वाचकच आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला श्राव्य पुस्तकाने जे दिले ते छापील पुस्तक देऊ शकत नव्हते. मोबाइलवर ई-बुक वाचणाऱ्या मुलाला ‘खरे’ पुस्तक धरायला सांगण्याआधी ते खरे पुस्तक त्याच्या तालुक्यात मिळते का, हे पाहावे. मात्र व्हॉट्सअॅपवर नव्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरवण्याला कोणी साहित्यसेवा म्हणू नये. पुस्तकाच्या शोधात असलेल्या गरीब विद्यार्थ्याची अडचण समजू शकते. पण अशा फायली पुढे ढकलणारे बहुतेक लोक एका हॉटेलातल्या जेवणात चार पुस्तके विकत घेऊ शकतील असे असतात. लेखकाचे मानधन बुडवून त्याच्यावर प्रेम करता येत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने संशोधन, अनुवाद, शिलालेख, जुन्या पोथ्या या सगळ्यांवर बोलले जात आहे, आणि ते व्हायलाच हवे. पण भाषा जिवंत राहते ती आज लिहिलेले आज वाचले गेल्याने. सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये २०१७ मध्ये घराघरांत पुस्तके ठेवून ‘पुस्तकांचं गाव’ उभे राहिले, तेव्हा स्ट्रॉबेरी खायला आलेली माणसे ओट्यावर बसून वाचू लागली. त्यांना कोणी शपथ दिली नव्हती. हाताच्या अंतरावर पुस्तक होते, बसायला जागा होती, आणि कोणी हटकत नव्हते.

म्हणून करायचे काय ते अगदी साधे आहे. शासनाने वाचनालयांचे अनुदान वेळेवर द्यावे, त्यातला पुस्तकांचा वाटा वेगळा काढून ठेवावा, आणि खरेदीत सुटीच्या टक्क्यांऐवजी वाचकांच्या मागणीची वही पाहावी. शाळेतले हरवलेले पुस्तक शिक्षकाच्या पगारातून वसूल होणार नाही, असा एका ओळीचा आदेश काढावा. त्याने जेवढी कपाटे उघडतील तेवढी दहा वाचन दिनांनी उघडलेली नाहीत. नियतकालिकांनाही टपालाची सवलत मिळावी. प्रकाशकांनी पुस्तकावर प्रतींची संख्या छापावी आणि लेखकाला दर वर्षी विक्रीचा हिशोब द्यावा. लेखकांनी हस्तलिखित संपादकाच्या हाती देण्याइतका धीर धरावा आणि पुस्तक निघाल्यावर केतकरांसारखे ते घेऊन हिंडायला लाजू नये.

आणि वाचकांनी? दिवाळी तोंडावर आली की घरात ज्या पैशांचे कंदील, फराळ आणि कपडे येतील त्यातून, जवळ असेल त्या दुकानातून, पूर्ण किंमत देऊन एक मराठी पुस्तक विकत घ्यावे. वाचून झाले की ते कपाटात न ठेवता, ज्याच्या गावात दुकान नाही अशा एका माणसाला पाठवून द्यावे.